किपलिंगच्या घरी जावं का?

(गेल्या अंकात इंग्लंडमधल्या बागांविषयी लिहिताना ससेक्समधल्या ‘बेटमन्स’चा, म्हणजे ‘जंगल बुक’ लिहिणाऱ्या रडयार्ड किपलिंगच्या घराचा, दोन ओळींत उल्लेख केला होता. त्यावर बरीच पत्रं आली. त्यांतल्या चारांना या वेळी उत्तरं देते.)

ताई, जूनमध्ये आम्ही दोघं मुलाकडे क्रॉयडनला राहायला येतोय. मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, हिला झाडांचं वेड. लंडनबाहेर एखादाच दिवस काढता येईल असं मुलगा म्हणतो. तो दिवस किपलिंगच्या घरासाठी खर्च करण्यासारखं तिथे काही आहे का? आमचे गुडघे आता कुरकुरतात, तेही लक्षात घेऊन सांगा.
— निवृत्त शिक्षक, पुणे

सर, जरूर जा. जमलं तर जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात जा, म्हणजे गुलाब भरात असतील.

आधी वाट सांगते. क्रॉयडनहून लंडन ब्रिजला यायचं आणि तिथून हेस्टिंग्जकडे जाणारी गाडी धरून एचिंगहॅमला उतरायचं. लंडनपासून साधारण सव्वा तास लागतो. एचिंगहॅम हे अगदी लहान स्टेशन आहे. बाहेर टॅक्सी उभी असेल या भरवशावर राहू नका. जातानाची आणि परतीचीही टॅक्सी आदल्या दिवशी फोनवर ठरवून ठेवा. तिथून बर्वॉश गाव तीनेक मैल, आणि घर गावापासून अर्धा मैल खाली, दरीत. जाताना उतार सुखाचा वाटतो, येताना तोच चढ होतो. मुलगा गाडी काढणार असेल तर गुडघ्यांचा प्रश्न मिटला. घर नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेच्या ताब्यात आहे. घर आणि बाग उघडण्याच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, त्यामुळे निघण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर खात्री करून घ्या.

एक गोष्ट आधीच मनातून काढून टाका: मोगली इथे सापडणार नाही. आपल्याकडून येणारा जवळजवळ प्रत्येक पाहुणा बगीरा आणि शेरखान मनात घेऊन येतो. ‘जंगल बुक’च्या गोष्टी किपलिंगने अमेरिकेत, व्हरमाँटमध्ये बर्फाच्या दिवसांत लिहिल्या. ‘किम’ ही कादंबरी १९०१ सालची, आणि बेटमन्स त्याने घेतलं १९०२ साली. या मातीतून उगवलं ते ‘पक ऑफ पूक्स हिल’ (१९०६) आणि ‘रिवॉर्ड्स अँड फेअरीज’ (१९१०). डॅन आणि उना ही दोन भावंडं आपल्याच शेताच्या कडेला खेळत असतात, तिथे त्यांना पक, म्हणजे इंग्रजी लोककथांतला खट्याळ यक्ष, भेटतो, आणि त्याच जमिनीवर पूर्वी वावरलेला रोमन शिपाई, नॉर्मन सरदार अशी माणसं एकेक करून त्यांच्यासमोर येऊन आपली हकिगत सांगतात. तुम्ही वर्गात ‘इफ’ ही कविता नक्की शिकवली असणार. ती या दुसऱ्या पुस्तकातली. पूक्स हिल ही टेकडी घराच्या आवारातून दिसते. येण्याआधी पहिल्या पुस्तकातल्या दोन गोष्टी तरी वाचा. वाचून आलात तर ओढा, गिरणी, कुरण सगळं ओळखीचं वाटेल. नाही तर ते नुसतं एक छान जुनं घर आहे, आणि तशी इंग्लंडात पुष्कळ आहेत.

दारावर १६३४ साल कोरलेलं आहे. भिंती वालुकाश्माच्या, वर विटांची उंच धुराडी. सोबत ३३ एकर जमीन आणि एक पाणचक्की होती. किंमत पडली ९,३०० पौंड. घर घेतलं तेव्हा आत न्हाणीघर नव्हतं, माडीवर पाणी नव्हतं, वीज नव्हती. हे त्याने एका मित्राला पत्रात कळवलं ते कौतुकानेच, कारण त्याला जुनं, कुणी हात न लावलेलं घरच हवं होतं.

विजेची हकिगत मला फार आवडते. घराखालून डडवेल नावाची छोटी नदी वाहते आणि तिच्यावर ती पाणचक्की आहे. त्या पाण्यावर वीज करावी असं किपलिंगच्या मनात आलं आणि सल्ल्याला आले सर विल्यम विलकॉक्स. हे गृहस्थ भारतात जन्मलेले, रुरकीच्या कॉलेजात इंजिनिअर झालेले, आणि नाईलवरच्या अस्वानच्या पहिल्या धरणाचे रचनाकार. नाईल अडवणारा माणूस या ओढ्याच्या काठी उभा राहून हिशेब करत होता! गिरणीत टर्बाइन बसलं. तिथून घरापर्यंत जी तार जमिनीत पुरली ती समुद्रतळाशी टाकण्यासाठी बनवलेली, पण चाचणीत नापास झालेली केबल होती. एवढ्या खटाटोपातून संध्याकाळचे चारेक तास दहा दिवे लागायचे. गिरणी चुकवू नका. सपाट वाटेने बागेतून तिथवर पोहोचता येतं.

घरात शिरलात की खोल्या अंधाऱ्या वाटतील. जुनी कापडं, पुस्तकं आणि चामडं उन्हाने विटू नये म्हणून उजेड मुद्दाम कमी ठेवलेला असतो. दाराशी मिनिटभर थांबा, डोळे सरावू द्या. जेवणाच्या खोलीत भिंतींना रंगवलेलं चामडं मढवलेलं आहे. अभ्यासिका माडीवर, ओकच्या जुन्या जिन्याने वर. गुडघ्यांना त्रास झाला तरी एवढा जिना चढाच. आत लांबलचक टेबल आहे आणि शेजारी कागद फेकायची भली मोठी टोपली. किपलिंग बुटका होता, म्हणून खुर्चीच्या पायांखाली लाकडी ठोकळे देऊन ती उंच केली आहे. तुमच्यासारख्या वह्या तपासत वर्षं काढलेल्या माणसाने ती टोपली बघितलीच पाहिजे. तो लिहायचा, काही दिवस बाजूला ठेवायचा, मग शाईत ब्रश बुडवून ओळीच्या ओळी खोडायचा. त्याच्या गोष्टी इतक्या आटोपशीर का, हे त्या टोपलीकडे बघून कळतं.

त्याच्या पुस्तकांच्या जुन्या प्रती दिसल्या तर मुखपृष्ठ निरखा. हत्तीचं डोकं, सोंडेत कमळ, आणि बाजूला स्वस्तिक. वडिलांनी दिलेलं ते चिन्ह वर्षानुवर्षं पुस्तकांवर होतं. जर्मनीत नाझींचा जोर वाढला तसं स्वस्तिक त्याने काढून टाकायला लावलं. वडील लॉकवूड किपलिंग यांनी ‘किम’साठी मातीत उठावाची चित्रं घडवली आणि त्यांचे फोटो पुस्तकात छापले. तेही काम इथे आहे.

आता वहिनींसाठी बाग. १९०७ साली किपलिंगला नोबेल मिळालं तेव्हा तो ४१ वर्षांचा होता. साहित्याचं नोबेल इतक्या लहान वयात अजून कुणाला मिळालेलं नाही. सुमारे ७,७०० पौंडांची ती रक्कम त्याने या बागेत घातली. नकाशा स्वतः काढून रंगवला. चौकोनी तळं, त्याच्या टोकाला गुलाबांचे वाफे, भोवती यू नावाच्या सदाहरित झाडाची दाट कुंपणं. तळं उथळ ठेवलं, कारण मुलांना त्यात पोहता यावं, होडी वल्हवता यावी. घरच्या पाहुण्यांच्या वहीत काही नावांपुढे ‘एफ. आय. पी.’ अशी तीन अक्षरं आहेत. फेल इन पाँड, म्हणजे हे पाहुणे तळ्यात पडले होते! सूर्यघड्याळावर मजकूर कोरला आहे, त्याचा अर्थ असा: तुला वाटतं त्यापेक्षा उशीर झालाय.

तिथून भिंतीआडच्या बागेकडे वळा. तुतीचं झाड, भाज्यांचे नि फुलांचे वाफे, आणि नासपतीची ती कमान. लोखंडी कमानींवर दोन्ही बाजूंनी नासपतीची झाडं चढवून त्यांचा बोगदा केलाय. जूनमध्ये फळं बोटाएवढी असतील, पण पानांतून झिरपलेल्या हिरव्या उजेडात चालायला फार बरं वाटतं. वहिनींना तिथे घाई करू नका.

डबा घेऊन जा. चहा तिथे चांगला मिळतो.

तुम्ही किपलिंगचं घर पाहायची शिफारस केलीत, याचं वाईट वाटलं. जालियनवाला बागेत गोळ्या झाडणाऱ्या डायरसाठी निधी जमला तेव्हा या लेखकाने त्यात पैसे घातले होते. अशा माणसाच्या बागेत आपण तिकीट काढून फिरायचं?
— एक वाचक, नांदेड

तुमचा राग मला परका नाही. आणि तुमची माहिती खरी आहे.

१३ एप्रिल १९१९ नंतर डायरला नोकरी सोडावी लागली, तेव्हा ‘मॉर्निंग पोस्ट’ या वृत्तपत्राने त्याच्यासाठी निधी उभारला. २६ हजारांहून अधिक पौंड जमले. देणाऱ्यांत किपलिंग होता. १९२७ साली डायर वारला तेव्हा किपलिंगने फुलांचं चक्र पाठवलं. त्यासोबतच्या मजकुराचा आशय असा होता की, याने आपल्या समजुतीप्रमाणे कर्तव्य केलं. मी शाळेत असताना आम्हाला किपलिंग शिकवणाऱ्यांपैकी कुणी हे सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं. ज्या हाताने किममधला लामा लिहिला, ग्रँड ट्रंक रोडवरची गर्दी इतक्या मायेने लिहिली, त्याच हाताने तो मजकूर लिहिला. यातलं एक धरून दुसरं सोडायला मी तयार नाही.

म्हणूनच मी पाहुण्यांना तिथे नेते. तीर्थयात्रा म्हणून नेत नाही. साम्राज्य हे आपण पुस्तकात वाचतो ते लढाया आणि कायदे यांच्या रूपात. इथे ते संध्याकाळच्या चहाच्या टेबलाशी, गुलाबाच्या वाफ्यात, मुलांच्या तळ्यात दिसतं. इतकी प्रेमळ, घरंदाज, झाडं लावणारी माणसं दुसऱ्याच्या देशावर राज्य करणं हा आपला हक्क मानत होती आणि त्यात त्यांना काहीच खटकत नव्हतं. हे समजून घ्यायला मला कुठल्याही संग्रहालयापेक्षा हे घर उपयोगी पडलं. खोल्यांमध्ये बसलेले स्वयंसेवक बहुतेक निवृत्त, बोलके लोक असतात. त्यांना डायरबद्दल विचारा. मी दर वेळी विचारते. काहींना पूर्ण माहीत असतं, काहींना नसतं, आणि नसतं तेव्हा मी सांगते. भारतीय माणसाने तिथे उभं राहून हे विचारणं मला महत्त्वाचं वाटतं.

आणखी एक सांगते. ते डायरचा निधी पुसून टाकण्यासाठी नाही. किपलिंगचा एकुलता मुलगा जॉन. नजर अधू, म्हणून सैन्यात घेत नव्हते. बापाने वजन वापरून, लॉर्ड रॉबर्ट्स या बड्या सेनानीकडे शब्द टाकून त्याला आयरिश गार्ड्समध्ये भरती करवलं. सप्टेंबर १९१५ मध्ये लूसच्या लढाईत तो गेला, वय १८. आई-बाप जिवंत असेपर्यंत त्याचा देह ओळखला गेला नाही. बर्वॉशच्या चर्चमध्ये त्याच्या नावाची पाटी आहे. गावात जाल तेव्हा आत जाऊन बघा. पुढे किपलिंगने युद्धात पडलेल्यांच्या कबरींची व्यवस्था पाहणाऱ्या आयोगात वर्षानुवर्षं काम केलं. फ्रान्समध्ये नव्ह शापेल इथे भारतीय सैनिकांचं स्मारक १९२७ साली उघडलं तेव्हा तो हजर होता. कबर नसलेल्या ४,७०० हून अधिक भारतीयांची नावं तिथे कोरलेली आहेत. म्हणजे ज्या वर्षी त्याने डायरला फुलं वाहिली, त्याच वर्षी तो या नावांसमोरही उभा होता. या दोन गोष्टी मला एकमेकींशी जुळवता येत नाहीत आणि मी तो प्रयत्नही करत नाही.

तुम्हाला जावंसं वाटत नसेल तर जाऊ नका. अमृतसरला मात्र जाऊन या, त्या भिंतीवरच्या गोळ्यांच्या खुणा बघा. दोन्ही पाहिलेल्या माणसाला किपलिंग जास्त नीट वाचता येतो, असं माझं ठाम मत आहे.

वाईजवळ आमची थोडी जागा आहे, जुनं घर आणि विहीर. बेटमन्ससारखी तळं-कमान-कुंपण अशी बाग तिथे करता येईल का? माझ्या यजमानांना नासपतीची कमान हवीच आहे.
— वाचक, सातारा जिल्हा

नासपती वाईला नको. तिला हिवाळ्यात बरेच आठवडे कडक थंडी लागते, त्याशिवाय ती नीट फुलत-फळत नाही. यजमानांची समजूत घाला, कारण कमान मात्र नक्की होईल.

एक इंची गॅल्व्हनाइझ्ड पाइपच्या कमानी करून घ्या, आठ फूट उंच. बुटक्या केल्यात तर वेल लोंबून डोक्याला लागतो. बोगद्याची दिशा उत्तर-दक्षिण ठेवा, म्हणजे सकाळी एका बाजूला नि दुपारनंतर दुसऱ्या बाजूला ऊन मिळतं. वर कृष्णफळाचा वेल चढवा, ज्याला बाजारात पॅशन फ्रूट म्हणतात. भराभर वाढतो आणि फुलंही देखणी. वास हवा असेल तर एका बाजूला जुई. मधुमालती फार दांडगी, ती इतरांना जगू देत नाही; लावायचीच तर तिला वेगळी कमान द्या. पावसाळ्यात पडवळ आणि दोडकी सोडली तरी चालतात, आणि कमानीतून लोंबणारी पडवळं नासपतीपेक्षा कमी सुंदर दिसत नाहीत!

बेटमन्समध्ये खरं शिकण्यासारखं आहे ते कुंपणांचं. तिथे सगळी बाग एका नजरेत दिसत नाही. यूच्या हिरव्या भिंतींनी तिचे भाग पाडलेत. एका भागातून वळलं की दुसरा समोर येतो, त्यामुळे आहे त्यापेक्षा जागा मोठी वाटते. यूऐवजी कुंती लावा. दाट होते, कात्रीला दाद देते, पांढरी फुलं वासाची. पाणी कमी असेल तर कोयनेल. पहिली दोन वर्षं उंची वाढू देऊ नका, खालून फुटवे येईपर्यंत छाटत राहा. नाहीतर वर झाड आणि खाली नुसत्या काटक्या राहतात.

तळं उथळ चालेल, पण एप्रिल-मेमध्ये विहिरीचं पाणी त्याला पुरेल का, याचा हिशेब आधी करा. पाण्यात गप्पी मासे सोडा, डासांचं बघायला नको. तुती मात्र जशीच्या तशी उचला. तुमच्याकडे ती सहज येते, आणि किपलिंगच्या आवारातली तुती बघून सगळ्यात आधी मला आपल्याकडची बोटं जांभळी करणारी तुतीच आठवली होती.

आमच्या शाळेची मुलं इंग्लंडला जाणार नाहीत. किपलिंगचा जन्म मुंबईत झाला ना? इथे त्याचं काही दाखवता येईल का?
— शिक्षिका, ठाणे

येईल, आणि मुलांना ते जास्त आवडेल. माझं माहेर गिरगावचं, त्यामुळे हा भाग मला पाठ आहे.

किपलिंगचा जन्म ३० डिसेंबर १८६५ चा, जे. जे. कलाशाळेच्या आवारातला. वडील तिथे शिल्पकला शिकवायला आले होते. आज आवारात जो हिरवा-लाकडी बंगला ‘किपलिंगचा बंगला’ म्हणून दाखवतात तो नंतरचा आहे. जन्म झाला ते घर उरलेलं नाही. पाच वर्षांचा होईपर्यंत तो मुंबईत वाढला. सांभाळणारी आया पोर्तुगीज कॅथलिक होती, म्हणजे बहुधा गोव्याकडची. ती रस्त्याकडेच्या क्रुसाशी प्रार्थना करायची आणि हा शेजारी उभा. मीता नावाचा गडी त्याला लहान लहान देवळांत न्यायचा. म्हातारपणी बेटमन्समध्ये बसून आत्मचरित्र लिहायला घेतलं तेव्हा अगदी सुरुवातीला त्याने लिहिलं ते मुंबईतल्या पहाटेविषयी, आयेबरोबर फळबाजारात जाताना खांद्याच्या उंचीवर दिसणाऱ्या पिवळ्या-जांभळ्या फळांच्या राशींविषयी.

म्हणून मुलांना क्रॉफर्ड मार्केटमध्ये, म्हणजे महात्मा ज्योतिबा फुले मंडईत न्या. जे. जे.च्या अगदी जवळ आहे. इमारत १८६९ ची, विल्यम इमर्सनची. प्रवेशाच्या कमानींवर दगडात कोरलेली बाजारातली माणसं लॉकवूड किपलिंगची आहेत, आणि आतल्या कारंज्यावरचं शिल्पकामही त्याचंच. गर्दीत सगळे खाली बघत चालतात म्हणून ती दिसत नाहीत. मुलांना वह्या-पेन्सिली घेऊन समोरच्या फुटपाथवर उभं करा आणि कमानीवरची माणसं काय काय करताहेत ते काढायला सांगा. सकाळी लवकर जा, नंतर हातगाड्यांमुळे उभं राहायला जागा मिळत नाही. जे. जे.च्या आवारात जायचं असेल तर शाळेच्या लेटरहेडवर आधी पत्र देऊन परवानगी घ्या. दारावर ऐनवेळी विचारून वर्गच्या वर्ग आत सोडत नाहीत.